लोकमान्यांचे वक्तृत्व

बुलढाणा जिल्ह्यातील घराघरांत दासगणूंची 'श्रीगजाननविजय' ही पोथी मोठ्या भक्तिभावाने वाचली जाते. तिच्या पंधराव्या अध्यायात एका सभेचे वर्णन आहे. संतचरित्राच्या पोथीत राजकीय पुढाऱ्याच्या भाषणाला स्थान मिळावे, ही गोष्ट थोडी नवलाचीच होय. सभा अकोल्याची, निमित्त शिवजयंतीच्या उत्सवाचे आणि साल १९०८. वक्ते होते लोकमान्य बाळ गंगाधर टिळक, आणि शेगावचे श्रीगजानन महाराज त्या सभेस उपस्थित होते. भाषण ऐन रंगात आले असता महाराज मध्येच उद्गारले, की असल्या बोलण्यानेच दंडांना दोर बांधले जातात. पुढे थोड्याच दिवसांत टिळकांवर संकट कोसळले. तेव्हा महाराजांनी त्यांच्यासाठी भाकरीचा प्रसाद पाठविला व टिळकांनी तो श्रद्धेने सेवन केला, असा कथाभाग पोथीत आला आहे.

भाकरीची गोष्ट सर्वांच्या ध्यानात राहते. भाषणाची मात्र राहत नाही. सरकारचे सारे लक्ष त्या काळी भाषणांवरच होते. टिळकांजवळ सैन्य नव्हते, शस्त्र नव्हते, अधिकाराचे पदही नव्हते. असे असता त्यांच्या बोलण्याची एवढ्या बलाढ्य साम्राज्याला धास्ती का वाटावी? १८९७, १९०८ आणि १९१६ अशा तीन वेळा त्यांचे शब्द न्यायासनापुढे नेण्यात आले. तिन्ही वेळा वाद माजला तो मराठी शब्दांच्या अर्थावरून.

त्या काळच्या सभा कशा असत, हे आधी समजून घेतले पाहिजे. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो व पुढे अकोल्यास पोहोचतो. जलंबहून एक फाटा खामगावच्या कापसाच्या पेठेला मिळतो. या मार्गाने कापसाच्या गाठी मुंबईस जात आणि मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे वऱ्हाडात येत. टपालाने 'केसरी'चा अंक आला, की वाचता येणाऱ्याने तो मोठ्याने वाचावा व न येणाऱ्यांनी भोवती बसून ऐकावा, अशी चाल गावोगावी होती. म्हणून टिळक प्रत्यक्ष येण्यापूर्वीच त्यांचे विचार लोकांच्या कानांवर पडलेले असत. सभेला ध्वनिक्षेपक नसे. वक्त्याचा आवाज जेथवर जाईल तेथवर सभा. मागच्या माणसाला ऐकू येत नसेल, तर पुढच्याने त्याला वळून सांगावे. अशा सभेत लांबलचक, पल्लेदार वाक्ये उपयोगाची नसतात. तोंडातोंडी मागे पोहोचेल असे वाक्य लागते.

टिळकांची वाक्ये तशीच असत. शब्दांची आतषबाजी करून श्रोत्यांना भारून टाकणारे वक्ते त्यांच्या काळात पुष्कळ होते. बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी इंग्रजीत बोलू लागले म्हणजे सभा डोलू लागे. टिळकांच्या भाषणात असा डौल नव्हता. गणित हा त्यांचा आवडीचा विषय, आणि संस्कृत शास्त्रग्रंथांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. या दोहोंचा ठसा त्यांच्या बोलण्यावर उमटला होता. आधी प्रश्न मांडावयाचा, मग त्यात काय गृहीत धरले आहे ते सांगावयाचे, प्रतिपक्षाचे म्हणणे नीट उच्चारून दाखवावयाचे आणि शेवटी त्याचे खंडन करावयाचे, अशी त्यांची रीत असे. या पायऱ्या चढताना उदाहरणे मात्र ते श्रोत्यांच्या घरातली, शेतातली, देवळातली घेत. विद्वत्ता सिद्धांतात आणि व्यवहार दृष्टांतात, असा हा मेळ होता.

असा वक्ता आणि असे श्रोते यांची गाठ पडावयाची, तर एकत्र जमण्यास निमित्त हवे. १८९३ सालापासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप येऊ लागले. १८९६ साली रायगडावर शिवोत्सव झाला. राजकीय सभेला न येणारा माणूस उत्सवाला येतो, ही गोष्ट टिळकांनी अचूक हेरली होती. शिवाय व्यासपीठ आयते मिळे. सरकारी अधिकाऱ्यांच्या ध्यानात हे यावयास फार काळ लागला नाही.

१८९७ साली पुण्यास प्लेगाने थैमान घातले होते. त्या वर्षीच्या शिवोत्सवात झालेल्या भाषणांचा वृत्तांत 'केसरी'त प्रसिद्ध झाला. त्यात टिळकांचेही भाषण होते. शिवाजी महाराजांनी अफझलखानाचा वध केला तो योग्य की अयोग्य, या जुन्या वादाविषयी ते बोलले होते. पुढे लवकरच पुण्यात रँड व आयर्स्ट या दोन अधिकाऱ्यांचे खून झाले, आणि सरकारने 'केसरी'तील मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. सतराव्या शतकातील प्रसंगाची चर्चा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गुन्हा ठरावी का, हा प्रश्न होता.

या खटल्यात एका शब्दाला फार महत्त्व आले. कायद्यात सरकारविषयी 'अप्रीती' उत्पन्न करणे हा अपराध सांगितला होता. अप्रीती म्हणजे काय? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी पंचांना समजावून सांगितले, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. हा अर्थ धरला, तर सरकारवर प्रेम नसणारा प्रत्येक माणूस अपराधी ठरण्याच्या बेतात येतो! द्वेष करणे आणि प्रेम न करणे या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे लहान मुलालाही कळते. तथापि सहा युरोपीय पंचांनी टिळकांना दोषी ठरविले. तिघा हिंदी पंचांनी निर्दोषी म्हटले. शिक्षा दीड वर्षाची झाली.

दुसरा खटला १९०८ सालचा. तो भाषणांवरून भरला नव्हता. 'देशाचे दुर्दैव' व 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तील अग्रलेखांवरून भरला होता. पण या खटल्यातच टिळकांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ भाषण केले. २४ जून रोजी मुंबईत त्यांना अटक झाली. न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर खटला चालला. विशेष हे, की १८९७ साली टिळकांना जामिनावर सोडवून आणणारे वकील हेच दावर होते. आता ते न्यायासनावर बसले होते आणि त्यांनी जामीन नाकारला. टिळकांनी वकील न देता आपला बचाव आपणच केला. ते अनेक दिवस मिळून २१ तास १० मिनिटे बोलले. हे भाषण इंग्रजीत होते, परंतु त्याचा मोठा भाग मराठी भाषेविषयी होता.

सरकारने अग्रलेखांची इंग्रजी भाषांतरे न्यायालयापुढे ठेवली होती. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. हा मराठी शब्द इंग्रजीत असाच का आणला? याला दुसरा सौम्य शब्द नव्हता काय? अमुक इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणाल? राज्यकारभाराविषयीचे इंग्रजी विचार मराठीत आणण्यासाठी लेखकांना नवे शब्द घडवावे लागत आहेत. अशा वेळी घाईने केलेल्या भाषांतरात मूळचा साधा शब्द जहाल होतो आणि मूळचा हेतू नाहीसा होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठी न जाणणारे बहुसंख्य पंच हे भाषांतर वाचूनच निकाल देणार होते. एका भाषेत लिहिलेल्या शब्दांचा निवाडा दुसऱ्या भाषेत होत होता. या विसंगतीकडे टिळकांनी जेवढ्या बारकाईने लक्ष वेधले, तेवढे तोवर क्वचितच कोणी वेधले असेल.

निकाल लागला तो २२ जुलैच्या रात्री. नऊ पंचांपैकी सातांनी दोषी ठरविले, दोघांनी निर्दोषी. काही सांगावयाचे आहे काय, असे न्यायमूर्तींनी विचारले. एकवीस तास बोललेल्या या माणसाने आता मोजकी वाक्ये उच्चारली. पंचांनी काहीही ठरविले तरी आपण निरपराधच आहोत. जगाचे नियमन करणाऱ्या याहून श्रेष्ठ शक्ती आहेत. आणि आपण मोकळे राहण्यापेक्षा आपल्या यातना भोगण्यानेच अंगीकृत कार्याचा उत्कर्ष व्हावा, अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल, अशा आशयाचे ते बोल होते. लांबलेल्या बचावाचे तपशील आज अभ्यासकांनाच ठाऊक असतात. ही वाक्ये मात्र सर्वांपर्यंत पोहोचली. मुंबईच्या उच्च न्यायालयात ती शिलालेखावर कोरलेली असून १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्या लेखाचे अनावरण झाले. ज्या वास्तूत शिक्षा सुनावली, तिच्याच भिंतीवर आरोपीचे शब्द!

सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण व्हावयाची होती. मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा वर्षांबद्दल सहा दिवस काम बंद ठेवले. टिळकांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात झाली व तेथेच त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. ते मंडालेत असतानाच १९१० साली श्रीगजानन महाराजांनी शेगावी समाधी घेतली. वऱ्हाडातील टिळकांचे जिवलग स्नेही, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, या काळात विलायतेस जाऊन त्यांच्या सुटकेसाठी खटपट करीत होते.

१९१४ सालच्या जूनमध्ये टिळक सुटून आले. पुढच्या दोन महिन्यांत युरोपात महायुद्ध भडकले. देशातील सभा थंडावल्या होत्या, सहकारी पांगले होते आणि टिळकांची प्रकृतीही पूर्वीची राहिली नव्हती. पुन्हा बोलावयाचे तर कायद्याच्या पकडीत न सापडता बोलावे लागणार होते. आणि बोलण्यात धार राहिली नाही, तर बोलून उपयोग नव्हता. हा पेच मोठा होता. पुढील दोन वर्षांत टिळकांनी तो ज्या रीतीने सोडविला, ती रीत त्यांच्या वक्तृत्वाचा कळस म्हटली पाहिजे.

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे होमरूल लीग, म्हणजे स्वराज्य संघ, स्थापन झाला. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष झाले, न. चिं. केळकर चिटणीस झाले. वऱ्हाड आणि मध्यप्रांत हा मुलूख संघाच्या कार्यक्षेत्रात होता. संघ स्थापन झाल्यावर लगेच, १ मे रोजी, टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर भाषण केले. नंतर ३१ मे व १ जून या लागोपाठच्या दिवशी नगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, त्यांची दोन भाषणे झाली. स्वराज्याची मागणी सामान्य माणसाला समजेल अशा मराठीत एवढ्या पद्धतशीरपणे प्रथम मांडली गेली ती या तीन भाषणांत.

स्वराज्य मागणे म्हणजे बादशहाशी वैर करणे नव्हे, हे त्यांना लोकांना पटवून द्यावयाचे होते. त्यांनी ते असे पटविले. सरकार दोन प्रकारचे असते, एक अदृश्य आणि एक दृश्य. ब्रह्म जसे निर्गुण निराकार असते, तसे अदृश्य सरकार. ते कोणाच्या दाराशी येत नाही. पण ब्रह्माला मायेच्या योगे रूप प्राप्त होते, तसे सरकारही सगुण होऊन लोकांसमोर उभे राहते. कलेक्टर, मामलेदार, पोलीस शिपाई ही त्याची रूपे. गावकऱ्याचा संबंध येतो तो या दृश्य सरकाराशी. तक्रार आहे ती त्याच्याविषयी. बदल हवा आहे तो त्याच्यात.

कीर्तन-प्रवचने ऐकत वाढलेल्या श्रोत्याला निर्गुण-सगुणाचा भेद शिकवावा लागत नाही. विठ्ठलाच्या, मारुतीच्या देवळात तो लहानपणापासून बसलेला असतो. राज्यशास्त्रातील एक अवघड भेद टिळकांनी त्या ओळखीच्या भेदावर अलगद नेऊन ठेवला. दुसरा दृष्टांतही देवळातलाच होता. देव बदला असे कोणीच म्हणत नाही. पण पुजारी आपले काम नीट करीत नसेल, तर पुजारी बदला असे म्हणण्याचा अधिकार भक्तांना आहेच. देवावर भक्ती आहे म्हणूनच पुजाऱ्याविषयी गाऱ्हाणे करावे लागते. यात बादशहाचा अवमान तो कोठे झाला?

तिसरा दृष्टांत घरातला. एखादा मुलगा अज्ञान असताना वडील वारले, तर त्याच्या मालमत्तेवर पालक नेमतात. पालकाने कारभार चांगला केला असेल किंवा वाईट. मुलगा सज्ञान झाला, की मालमत्ता त्याच्या हाती द्यावयाची असते. तू अजून नालायक आहेस, असे पालकाने वर्षानुवर्षे म्हणत राहावे, यात कोणाचे हित आहे? वऱ्हाडात काय, पुण्यात काय, भाऊबंदकीचे व पालकत्वाचे दावे प्रत्येक गावाने पाहिलेले असतात. श्रोत्यांनी उत्तर मनातल्या मनात दिले असणारच. टिळक पुष्कळदा शेवटचे पाऊल श्रोत्यांवर सोपवीत.

नगरच्या भाषणात त्यांनी 'परका' या शब्दाचा विचार केला, आणि तो भाग आजही पुन्हापुन्हा वाचावा असा आहे. परका कोणाला म्हणावे? कातडीच्या गोऱ्या-काळ्या रंगावरून माणूस परका ठरत नाही. धर्मावरून ठरत नाही, धंद्यावरूनही ठरत नाही. ज्याचे हित या देशाच्या हिताशी जोडलेले आहे आणि जो या देशाच्या लोकांचे कल्याण करतो, तो मुसलमान असो वा इंग्रज असो, तो परका नव्हे. ज्याची दृष्टी दुसऱ्याच देशाच्या लाभाकडे लागलेली आहे, तो परका. एका साध्या शब्दाचा अर्थ टिळकांनी असा मुळापासून ठरवून घेतला. त्यामुळे त्यांची टीका माणसांच्या जातीवर न जाता कारभाराच्या रीतीवर स्थिर झाली. टिळकांचे राजकारण काही बाबतींत, विशेषतः सामाजिक सुधारणेच्या प्रश्नांवर, त्यांच्या काळातही अनेकांना पटत नव्हते व आजही पटणार नाही. परंतु या व्याख्येपुढे मतभेद विसरून थांबावे लागते.

या सभांना एक वर्ग नियमाने उपस्थित असे. तो म्हणजे सरकारी लघुलेखकांचा. लघुलिपी म्हणजे खुणांची अशी लेखनपद्धती, की वक्त्याच्या बोलण्याच्या वेगाने ती लिहिता येते. पोलीस खात्याचा लघुलेखक सभेत बसून टिळकांचे मराठी भाषण शब्दशः टिपून घेई. मग त्या खुणांचे मराठीत लेखन व्हावयाचे, त्याचे इंग्रजी भाषांतर व्हावयाचे, आणि ते वरिष्ठांच्या मेजावर जावयाचे. टिळकांनाही हे ठाऊक असे. समोर हजारो श्रोते आणि त्यांत आपला प्रत्येक शब्द पकडू पाहणारी एक लेखणी, अशा दुहेरी श्रोत्यांपुढे त्यांना बोलावे लागे.

२३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यास त्यांचा सत्कार झाला व लोकांनी जमविलेली एक लक्ष रुपयांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली. ती त्यांनी स्वतःसाठी न ठेवता राष्ट्रकार्यासाठी म्हणून स्वीकारली. त्याच दिवशी सरकारचीही भेट आली. बेळगाव व नगर येथील भाषणे राजद्रोही असल्याने चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन का घेऊ नये, अशी नोटीस त्यांच्या हाती पडली. पुण्याचे जिल्हा न्यायाधिकारी हॅच यांनी १२ ऑगस्ट रोजी आज्ञा दिली, की टिळकांनी वीस हजार रुपयांचा मुचलका लिहून द्यावा आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्यावेत. मुदत एक वर्षाची. ज्या काळी गावच्या शिक्षकाचा पगार महिना थोड्याशा रुपयांत मोजला जाई, त्या काळची ही रक्कम होय. पण खरा प्रश्न पैशांचा नव्हता. ही आज्ञा कायम राहिली, तर वर्षभर स्वराज्याचा उच्चार करणे टिळकांना अशक्य होणार होते. आणि जे टिळकांना बोलता येत नाही, ते खेड्यातला साधा कार्यकर्ता कशाला बोलेल? संघ स्थापन होऊन चार महिनेही झाले नव्हते. तो त्याच वेळी मुका झाला असता.

टिळकांनी मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी त्यांची बाजू मांडली. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तिन्ही भाषणे वाचली. यावेळी घडले ते मागील दोन खटल्यांहून वेगळे. न्यायमूर्तींनी असे धोरण ठेवले, की भाषणातील एखादे सुटे वाक्य उचलून त्यावर निर्णय देता येणार नाही. भाषण समग्र वाचले पाहिजे, मोकळ्या मनाने वाचले पाहिजे, आणि ज्या श्रोत्यांसाठी ते केले त्यांच्या मनावर त्याचा एकंदर परिणाम काय होणे संभवनीय आहे, ते पाहिले पाहिजे. काही वाक्ये तिखट आहेत, हे मान्य केले तरी भाषणांचा एकंदर रोख राज्यकारभारात लोकांना अधिकार मिळावेत असाच आहे, असे त्यांना दिसून आले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हॅच यांची आज्ञा रद्द झाली.

या निकालाचा अर्थ देशभर एकच घेतला गेला. स्वराज्य मागणे हा गुन्हा नाही. राजद्रोहाचे कलम कायद्याच्या पुस्तकात होते तसेच राहिले, पुढे अनेकांना त्याखाली तुरुंग भोगावा लागला, १९२२ साली महात्मा गांधींनाही. परंतु 'स्वराज्य' हा शब्द सभेत मोकळेपणी उच्चारण्यास जी भीती वाटत होती, ती १९१६ च्या अखेरीस पुष्कळ ओसरली. १८९७ साली एका शब्दाचा अर्थ ताणून शिक्षा झाली होती. एकोणीस वर्षांनी शब्दांना त्यांचा संदर्भ परत मिळाला.

त्याच डिसेंबरात टिळक लखनौच्या राष्ट्रीय सभेस गेले व जानेवारी १९१७ मध्ये वऱ्हाडात आले. यवतमाळ व अकोला येथे त्यांची स्वराज्यावर भाषणे झाली. १९०८ साली ज्या अकोल्यात ते बोलले होते, त्याच अकोल्यात नऊ वर्षांनी पुन्हा सभा भरली. मधल्या काळात मंडालेची सहा वर्षे गेली होती, केस पांढरे झाले होते. विषय मात्र तोच होता आणि आता त्याला न्यायालयाचा निकाल पाठीशी होता. वऱ्हाडात स्वराज्य संघाला अनुयायी मिळत गेले. पुढे २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी पार्लमेंटात जाहीर केले, की हिंदुस्थानात क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती आणणे हे ब्रिटिश सरकारचे धोरण राहील. टिळकांना ते अपुरे वाटले व त्यांनी तसे स्पष्ट सांगितले.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळक निवर्तले.  त्यांच्या पुष्कळशा भाषणांचे वर्तमानपत्रांत आलेले सारांश तेवढे शिल्लक आहेत. बेळगाव व नगर येथील भाषणे मात्र जवळजवळ जशीच्या तशी वाचावयास मिळतात. मध्येच श्रोत्यांशी केलेली सलगी, दृष्टांत सांगता सांगता घेतलेले वळण, एखाद्या मुद्द्यावर पुन्हा येऊन दिलेला जोर, हे सारे त्यांत उतरले आहे. याचे श्रेय बऱ्याच अंशी पोलीस खात्याच्या त्या लघुलेखकाला आहे. टिळकांना अडकविण्यासाठी त्याने खाली मान घालून एकही शब्द सुटू दिला नाही.